बंड्याचं तोंड आलंय, काय लावू?

डॉक्टर, आमचा कुत्रा बंड्या सात वर्षांचा आहे. छोट्या जातीचा, लांब पांढऱ्या केसांचा. गेले तीन आठवडे त्याच्या तोंडाला घाण वास येतोय आणि हनुवटीचे केस सतत लाळेने ओले असतात. भांड्याकडे धावत जातो, एक घास घेतो आणि मागे सरकतो. परवा ओठ उचलून बघितला तर दोन्ही गालांच्या आत पिवळट-पांढरे चट्टे दिसले, कडा लालभडक. आम्हाला तोंड आलं की आम्ही जे जेल लावतो तेच दोन दिवस त्याला लावलं, पण त्याने चाटून टाकलं आणि लाळ आणखीच गळायला लागली. डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं, त्याने चार दिवस बरा होता, मग पुन्हा तेच. आता ते म्हणतात, भूल देऊन दात साफ करू, गरज पडली तर काढू. घरात सगळ्यांचं म्हणणं, साधं तोंड आलंय तर दात कशाला काढायचे? मलाही भुलीची भीती वाटते. नेमकं काय लावू? आमच्या चार वर्षांच्या मुलीला हे होईल का? आणि एक विचारायचं राहून जातं. रोज मांडीवर झोपणारा बंड्या आता गालाला हात लावला की गुरगुरतो. तो माझ्यावर रागावलाय का?
– बंड्याची आई

बंड्याच्या आई,

सगळ्यात आधी ते जेल बंद करा. माणसांच्या तोंडात लावायच्या जेलमध्ये बरेचदा बेन्झोकेनसारखं बधिर करणारं औषध असतं, नाहीतर ॲस्पिरिनच्या कुळातलं सॅलिसिलेट. काहींमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं. आपण जेल लावतो आणि नंतर थुंकतो. कुत्र्याला थुंकता येत नाही, त्यामुळे लावलेलं सगळं पोटात जातं. झायलिटॉलने कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते आणि पुढे यकृतालाही इजा होऊ शकते. बेन्झोकेनमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. तुम्ही दोनच दिवस लावलंत आणि बंड्या चालता-फिरता आहे, म्हणून घाबरून जाऊ नका. मात्र ट्यूबवर छापलेल्या घटकांचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवा. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची गोळी तर मुळीच देऊ नका. पहिलीने यकृत आणि रक्त बिघडतं, दुसरीने जठराला जखमा होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. तोंडातला एक व्रण बरा करायला जाऊन पोटात दहा करून ठेवण्यासारखं आहे ते.

आता ‘तोंड आलंय’ या शब्दांबद्दल. हे शब्द आपण माणसासाठी वापरतो आणि त्यांच्यात एक दिलासा असतो: आलंय, आठ-दहा दिवसांत जाईल. माणसाच्या बाबतीत बहुतेक वेळा तसं घडतंही. कुत्र्याच्या तोंडात मात्र व्रण असा पाहुण्यासारखा येऊन जात नाही. जीभ किंवा गाल चावला गेला, काडी टोचली, तर ती जखम भरते आणि चांगली झपाट्याने भरते, कारण तोंडाला रक्तपुरवठा भरपूर असतो. पण जो व्रण तीन आठवडे हटत नाही, आणि तोही दोन्ही गालांत, त्याच्यामागे कुणीतरी बसलेलं असतं. ते दात असतील, मूत्रपिंडं असतील, भाजणं असेल, शरीराची स्वतःचीच बिघडलेली प्रतिकारशक्ती असेल किंवा गाठ असेल. म्हणून ‘काय लावू’ या प्रश्नाआधी ‘कशामुळे झालंय’ हे विचारावं लागतं. तुमच्या डॉक्टरांनी भूल देऊन तपासण्याचा आग्रह धरलाय तो याचसाठी, आणि तो मला योग्य वाटतो.

तुम्ही लिहिलेल्या दोन गोष्टींवरून मला एक शंका येते. चट्टे गालाच्या आतल्या बाजूला आहेत, आणि दोन्हीकडे आहेत. पुढच्या वेळी डॉक्टर ओठ वर उचलतील तेव्हा त्यांना तो हळूच परत सोडायला सांगा आणि चट्टा नेमका कुठल्या दातासमोर जाऊन टेकतो ते बघा. (हे घरी करू नका, त्याला खूप दुखतंय.) माझा अंदाज असा की एक चट्टा वरच्या सुळ्यासमोर येईल आणि दुसरा मागच्या सगळ्यात मोठ्या दाढेसमोर. जणू दाताने गालावर शिक्का मारलाय. पण हा शिक्का दाताच्या टोकाचा नसतो, तो दातावरच्या थराचा असतो.

हा थर म्हणजे प्लाक. लाळ, अन्नाचे कण आणि जंतू यांचा चिकट पापुद्रा. दात कितीही स्वच्छ केले तरी काही तासांत तो पुन्हा जमायला लागतो आणि दोन-तीन दिवसांत लाळेतल्या क्षारांनी घट्ट होऊन त्याचं कीटण बनतं. बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्या त्याने सुजतात. पण काही कुत्र्यांचं शरीर या थरावर एवढं चवताळून उठतं की जिथे जिथे गाल किंवा जीभ दाताला टेकते, तिथली कातडी जळाल्यासारखी सोलवटून निघते. या आजाराला क्रॉनिक अल्सरेटिव्ह स्टोमॅटायटिस म्हणतात. माल्टीज, कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल, लॅब्रॅडोर आणि ग्रेहाउंड या जातींत तो जास्त बघायला मिळतो. तुमचं ‘छोट्या जातीचा, लांब पांढऱ्या केसांचा’ वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोर माल्टीजच आला. चुकत असेन तर डॉक्टर सांगतीलच.

या आजाराची एक गोष्ट लोकांना पटत नाही. वेदना दिसणाऱ्या घाणीच्या प्रमाणात असेलच असं नाही. दातांवर कीटणाचे थर चढलेला एखादा कुत्रा मजेत खातो, आणि दात बऱ्यापैकी पांढरे दिसणारा दुसरा दुखण्याने पाण्यालाही तोंड लावत नाही. दोघांच्या तोंडातले जंतू वेगळे असतात असं नाही, दोघांची शरीरं त्या जंतूंना वेगळं उत्तर देतात. म्हणून ‘दात तर स्वच्छ दिसतात’ असं कुणी म्हणालं तरी तपासणी टाळू नका.

तरीही मी पत्रावरून निदान करत नाही आणि तुम्हीही करू नका. बाकीच्या शक्यता तपासून बाजूला काढल्याशिवाय दातांकडे बोट दाखवणं धोक्याचं असतं. हे मी एका चुकीतून शिकलो. फार वर्षांपूर्वी एक म्हातारी कुत्री माझ्याकडे आली होती, जिभेच्या दोन्ही कडांना व्रण आणि तोंडाला वास. दातांवर कीटण होतंच. मी दातांचं दुखणं समजून औषधं दिली आणि आठवड्याने बोलावलं. ‘पाणी खूप पिते का?’ हा एक प्रश्न मी विचारला नाही. आठवड्याने ती आली तेव्हा उलट्या सुरू होत्या आणि रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडं जवळजवळ थकलेली निघाली. ती वाचली नाही. पहिल्याच दिवशी रक्त आणि लघवी तपासली असती तर तिला आणखी काही चांगले महिने देता आले असते. त्या दिवसापासून तोंडात व्रण असलेला एकही कुत्रा माझ्या टेबलावरून रक्त दिल्याशिवाय उतरत नाही.

मूत्रपिंडं आणि तोंडाचा संबंध काय, असं वाटेल. मूत्रपिंडं युरिया बाहेर टाकेनाशी झाली की तो रक्तात साठतो आणि लाळेतही उतरतो. तोंडातले काही जंतू त्या युरियापासून अमोनिया तयार करतात. अमोनियाने जिभेच्या कडा, गाल आणि हिरड्या भाजून निघतात. कधी जिभेचं टोकच काळं पडून गळतं. या तोंडाचा वासही निराळा असतो. दातांच्या आजारात कुजका वास येतो, यात अमोनियाचा झोंबणारा. सोबत पाणी पिणं वाढतं, लघवी वाढते, वजन उतरतं, सकाळी उलटी होते. रक्तातलं क्रिएटिनीन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचं टाकाऊ द्रव्य) साधारणपणे मूत्रपिंडांचं 75 टक्के काम बंद पडल्यावरच वर चढतं, म्हणून नुसतं क्रिएटिनीन चांगलं आलं यावर थांबू नये, लघवीचा घट्टपणाही बघावा. बंड्या सात वर्षांचा आहे, ही तपासणी भुलीआधी तशीही करावीच लागते. म्हणजे एका सुईत दोन कामं होतात.

प्रतिकारशक्तीचे काही आजार असतात, पेम्फिगस त्यातला एक. त्यात शरीर स्वतःच्याच कातडीचे सांधे उसवतं. तोंडातले फोड फुटून व्रण होतात, आणि अनेकदा नाकाच्या कडेला, पापण्यांवर, नखांच्या मुळाशी किंवा गुदद्वाराजवळही तसंच दिसतं. बंड्याला तिथे कुठे खपली दिसते का, ते मात्र तुम्ही बघू शकता.

आणि गाठ. हा शब्द लिहिताना मलाही जड जातं, पण लपवून उपयोग नाही. तोंडातला कर्करोग कायम गाठीसारखाच वर येतो असं नाही. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा कित्येकदा निव्वळ न भरणाऱ्या व्रणासारखा दिसतो. कुत्र्याच्या तोंडात सर्वांत जास्त आढळणारा घातक कर्करोग म्हणजे मेलानोमा, आणि तोही दर वेळी काळा नसतो, गुलाबीही असू शकतो. दोन्ही गालांत सारखेच चट्टे असणं हे कर्करोगाच्या विरुद्ध बोलतं, ते एकाच बाजूला असते तर मला जास्त काळजी वाटली असती. पण दोन आठवड्यांवर टिकलेल्या कुठल्याही व्रणाचा छोटा तुकडा तपासायला पाठवावा, हा नियम मी मोडत नाही. बंड्याचे तीन झालेत. भूल दिलेली असतानाच बायॉप्सी घ्यायला सांगा.

इथे त्या इंजेक्शनचा विषय येतो. चार दिवस बरं वाटून पुन्हा जैसे थे झालं, यावरून ते स्टेरॉइड असावं असं वाटतं. कुठलं होतं ते विचारून लिहून घ्या, दोन कारणांसाठी. स्टेरॉइडने सूज दबते आणि बायॉप्सीचा निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून तुकडा घेणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला ते माहीत असायला हवं. शिवाय स्टेरॉइडच्या अंगावर मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखं वेदनाशामक दिलं तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो, दोघांत काही दिवसांचं अंतर ठेवावं लागतं. दर पंधरा दिवसांनी तेच इंजेक्शन देत राहणं हा उपचार नाही. कुत्रा खातो आणि घरच्यांना हायसं वाटतं, पण आतला आजार पुढे सरकत राहतो.

भुलीची भीती मला समजते. आपल्या डोळ्यांसमोर जीव निपचित पडलेला बघणं सोपं नसतं. पण भूल न देता काय होतं ते सांगतो. जागा कुत्रा तोंड उघडून देत नाही, दिलं तरी दाताची फक्त बाहेरची बाजू दिसते, आणि दाताचं निम्म्याहून अधिक अंग हिरडीखाली हाडात असतं. मुळाशी पू आहे का, हाड झिजलंय का, हे एक्स-रेशिवाय कळत नाही, आणि त्या एक्स-रेला कुत्रा स्थिर लागतो. भूल न देता ‘स्वच्छता’ करून देणारे लोक वरचं कीटण खरवडतात. दात चमकतात, हिरडीखालचा थर तसाच राहतो, आणि व्रणांवर हत्यार घासल्याने जनावर वेदनेने तडफडतं. बंड्याच्या तोंडाची आत्ताची अवस्था बघता तो क्रूरपणा ठरेल.

तुम्ही विचारायला हवं ते हे: भुलीआधी रक्त, लघवी आणि हृदय तपासणार का? श्वासनलिकेत नळी घालणार का? (ती असली की साफसफाईचं पाणी फुप्फुसांत उतरत नाही.) सलाइन चालू असेल का, अंग गरम ठेवायची सोय आहे का, आणि शुद्धीवर येईपर्यंत कुणी सतत लक्ष ठेवणार का? सगळ्या तोंडाचे एक्स-रे काढणार का? या प्रश्नांची उत्तरं ‘हो’ आली, तर माझ्या घरच्या कुत्र्याला मी निर्धास्त मनाने आत पाठवीन.

दात काढण्याबद्दल तुमच्या घरच्यांचं मन दुखावलंय, ते त्याच्यावरच्या मायेपोटीच. त्यांना एवढंच सांगा की कुत्र्याला 42 दात असतात आणि ते मुख्यतः पकडायला, फाडायला आणि कातरायला. भांड्यातलं मऊ अन्न गिळायला त्यातला एकही लागत नाही. दात काढलेले कुत्रे खात नाहीत ही समजूत चुकीची आहे. अनेकदा टाके भरायच्या आतच ते पूर्वीपेक्षा जास्त खायला लागतात, कारण दुखणं गेलेलं असतं. तरीही दात सरसकट काढायचे नसतात. आधी हिरडीखालपर्यंत खोल सफाई करायची, जे दात मुळातून खराब आहेत तेवढे काढायचे आणि मग घरी रोज ब्रश होतो का ते बघायचं. रोज, अगदी मनापासून ब्रश होत असेल, तर काही कुत्रे बाकीच्या दातांसह छान राहतात. ब्रश जमत नसेल किंवा जमूनही व्रण परत येत असतील, तर व्रणांसमोरचे दात काढणं हेच भलं.

एक खरी गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर तुम्हाला फसवल्यासारखं वाटेल. या आजारात थोड्या कुत्र्यांचे व्रण दात काढल्यावरही पूर्ण जात नाहीत, कारण दात नसलेल्या जागीही ते उठू शकतात. अशांना प्रतिकारशक्ती शांत ठेवणारी औषधं दीर्घकाळ लागतात, कधी सायक्लोस्पोरिन, कधी पेन्टॉक्सिफिलिन आणि डॉक्सिसायक्लिन एकत्र. म्हणजे आजार संपवला असं म्हणता येत नाही, तो आटोक्यात राहतो. पण आटोक्यातला बंड्या आणि आत्ताचा बंड्या यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असेल.

भुलीची तारीख मिळेपर्यंत घरी काय करायचं? त्याला दुखण्यातून सोडवणं हे पहिलं. कुत्र्यांसाठीचं वेदनाशामक डॉक्टरांकडून वजनाप्रमाणे मागून घ्या. ‘दुखत असेल तर देऊ’ असं नाही, ते दुखतंच आहे. एक घास घेऊन मागे सरकणं म्हणजे भूक आहे पण तोंड साथ देत नाही. अन्न कोमट पाण्यात भिजवून लापशीसारखं करा, तापवून गरम करू नका. मीठ-मसाला काही नको. एकदम भरपूर ठेवण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं द्या. भांडं जरा उंचावर ठेवलंत तर लाळ आणि अन्न पुढच्या पायांवर सांडत नाही. कडक चघळण्या, दोरी ओढायचे खेळ तूर्त बंद. हनुवटीचे केस डॉक्टरांकडे गेल्यावर बारीक कापून घ्या आणि मऊ ओल्या फडक्याने टिपत जा, पुसू नका. सतत ओल्या कातडीवर वेगळीच जखम तयार होते.

लावायचंच म्हणाल तर 0.12 टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचं, प्राण्यांच्या तोंडासाठी बनवलेलं द्रावण असतं. ते डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि गालाच्या कोपऱ्यातून हळूच सोडायचं. जमीन पुसायला किंवा कातडीवरच्या जखमांसाठी मिळणारं तीव्र द्रावण घरी अंदाजाने पातळ करू नका. तोंडाची आतली कातडी त्याने भाजते. आणि बंड्या त्यालाही गुरगुरत असेल तर तेही सोडून द्या. त्या दोन थेंबांपेक्षा त्याचा तुमच्यावरचा विश्वास जास्त उपयोगाचा आहे, पुढे ब्रश त्याच विश्वासावर करायचाय.

मुलीचं विचारलंत. दातांच्या थराने किंवा प्रतिकारशक्तीने झालेले व्रण तिला लागत नाहीत. पण रक्तात मूत्रपिंडांचा बिघाड निघाला तर डॉक्टर लेप्टोस्पायरोसिसचाही विचार करतील, आणि तो मात्र लघवीतून माणसाला होऊ शकतो. निकाल येईपर्यंत त्याची लघवी हातमोजे घालून साफ करा आणि मुलीला त्यापासून दूर ठेवा. त्याहून जवळचा धोका चावण्याचा आहे. चार वर्षांचं मूल कुत्र्याच्या गळ्यात हात घालून गालाला गाल लावतं. बंड्याच्या गालात आत्ता उघडी जखम आहे. तो वाईट नाही, पण दचकून तोंड मारेल. तोंड बरं होईपर्यंत दोघांना एकटं सोडू नका.

याच संदर्भात एक इशारा, तो बंड्यासाठी नाही पण हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. कुत्र्याची लाळ अचानक गळायला लागली, जबडा लोंबतोय, गिळता येत नाही, आवाज बदललाय, वागणं बदललंय, आणि त्याला रेबीजची लस दिलेली नाही किंवा कुणी चावून गेलंय, तर घशात काहीतरी अडकलं असेल असं समजून तोंडात हात घालू नका. रेबीजमध्ये नेमकं असंच दिसतं. त्याला वेगळ्या खोलीत बंद करून डॉक्टरांना फोन करा. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरांकडे जा.

काही व्रणांना तीन आठवडेच काय, तीन तासही थांबायचं नसतं. पिल्लाने विजेची वायर चावली तर आधी प्लग काढा, मगच त्याला हात लावा. ओठांच्या कोपऱ्यावर आणि जिभेवर करडी भाजल्याची खूण दिसेल. ती छोटी वाटली तरी त्याच दिवशी दाखवा, कारण पुढच्या काही तासांत, अगदी दीड दिवसानेही, फुप्फुसांत पाणी भरू शकतं. ब्लीच, फरशी पुसायची जंतुनाशकं, फोडलेली बॅटरी यांनी भाजलेलं तोंड तर सुरुवातीला साधंच दिसतं आणि व्रण काही तासांनी उमटतात. तोंड खाली झुकवून साध्या पाण्याने एका बाजूने भरपूर धुवा, पाणी बाहेर वाहू द्या, उलटी करायला लावू नका. जे पदार्थ जाताना जाळत गेले ते परत येताना पुन्हा जाळतील. डिफेनबॅकियासारखी शोभेची झाडं चावली की त्यातले सुईसारखे स्फटिक जिभेत घुसतात, आणि केसाळ सुरवंट चाटला तरी जीभ सुजून काळी पडू शकते. जिभेखाली दोरा अडकलेला दिसला तर ओढू नका. त्याचं दुसरं टोक आतड्यात असू शकतं आणि ओढल्यावर तो करवतीसारखा कापत येतो.

पुन्हा होऊ नये म्हणून काय, याचं उत्तर बंड्यापुरतं एका शब्दात येतं: ब्रश. पण आत्ता नाही. दुखऱ्या तोंडात पहिल्यांदा ब्रश घातलात तर तो जन्मभर ब्रशचा वैरी होईल. सफाई झाल्यावर, टाके भरल्यावर, डॉक्टरांनी ‘आता चालेल’ म्हटल्यावर सुरू करा. पहिले काही दिवस ब्रश आणूच नका. बाहेरून गालावर बोट फिरवा आणि लगेच त्याच्या आवडीचं काही द्या. मग ओठाच्या आत बोट. मग बोटाला गुंडाळलेलं ओलं मऊ कापड. त्याने मान वळवली की थांबायचं, धरून ठेवायचं नाही. मग लहान मऊ ब्रश आणि कुत्र्यांचीच पेस्ट. आपल्या पेस्टमध्ये फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉलही, आणि फेस तो गिळणारच. दातांची गालाकडची बाजू सर्वांत महत्त्वाची. एकेका बाजूला अर्धा मिनिट पुरेसं आहे, तोंड उघडायला लावायची गरज नाही. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं घासून काही साधत नाही, तोवर तिकडे थराचं कीटण झालेलं असतं.

दातांसाठीच्या चघळण्या, पाण्यात घालायची औषधं यांच्या वेष्टनांवर काय वाटेल ते छापलेलं असतं. वेटरिनरी ओरल हेल्थ काउन्सिलची मोहर असली तर त्या वस्तूची प्लाक किंवा कीटण कमी करण्यासाठी चाचणी झालेली असते, एवढं लक्षात ठेवा. ज्या चघळणीत नख रुततच नाही ती देऊ नका. हाडं, शिंगं, खूर यांनी वरच्या मोठ्या दाढेचा कपचा उडतो, आणि तुटलेली दाढ पुन्हा गालाला घासत राहते. एखादं पिल्लू घरी आणणार असाल तर सहा महिन्यांचं व्हायच्या आत त्याचे खालचे सुळे टाळूला टोचत नाहीत ना, ते तपासून घ्या. टाळूला पडलेली भोकं बरेचदा वर्षभराने, वास आल्यावर लक्षात येतात.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ज्याचं उत्तर तुम्ही सगळ्यात आधी शोधत असणार. तो रागावलेला नाही. तुमचा हात गालाकडे आला की काय होणार हे त्याला कळलंय: ओठ उचलला जाईल, जेल झोंबेल, दुखेल. गुरगुरून तो तेवढंच सांगतोय की तिथे नको. त्यासाठी त्याला ओरडू नका, कारण ओरडल्याने गुरगुरणं थांबेल आणि मग तो न सांगता चावेल. सध्या त्याला पाठीवर, छातीवर, कानामागे हात लावा, आणि मांडीवर यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या. टाके भरल्यानंतर, साधारण दोन-तीन आठवड्यांनी, एखाद्या निवांत दुपारी हात त्याच्या गालापाशी नुसता ठेवून बघा. तो स्वतः डोकं टेकवतो का, ते मला जरूर लिहा. सोबत बायॉप्सीचा आणि रक्ताचा अहवालही पाठवा, म्हणजे पुढचं बोलता येईल.

तुमचा,
डॉक्टर

ता. क. भुलीच्या दिवशी सकाळी त्याला उपाशी ठेवायला सांगतील, तेव्हा कीव येऊन कुणी चोरून घास भरवणार नाही, यावर घरात लक्ष ठेवा. पोटात अन्न असताना भूल दिली आणि उलटी झाली तर ते फुप्फुसांत जाऊ शकतं. पाणी किती वाजेपर्यंत द्यायचं, तेही आदल्या दिवशीच विचारून घ्या.